निर्णय अडला तो मेणाच्या ठोकळ्यापाशी

डाव्या स्तनात गाठ हाताला लागल्यापासून ती कर्करोगाची आहे हे कागदावर येईपर्यंत जेमतेम दहा दिवस गेले, आणि त्या दहा दिवसांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या अकरा दिवसांची. शस्त्रक्रिया करायची का, केव्हा आणि किती, हे मला ठरवायचे होते, आणि ते ठरवणे प्रयोगशाळेच्या एका खिडकीपाशी अडून राहिले.

पहिल्या सर्जननी अहवाल पाहून, "पूर्ण स्तन काढून टाकू, गुरुवारी दाखल व्हा," असे सांगितले. यजमान तयार झाले. नणंद म्हणाली, "वहिनी, मूळच नको त्या दुखण्याचं, काढून मोकळ्या व्हा." घाबरलेल्या माणसाला असे बोलणे पटते, मलाही पटले होते. परंतु अहवालाच्या शेवटी 'हर-टू २+, फिश तपासणी करावी' अशी एक ओळ होती आणि तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. पुण्यात डॉक्टर असलेल्या माझ्या भाचीने फोनवर तिचा अर्थ सांगितला. हर-टू हे काही स्तनकर्करोगांत जास्त प्रमाणात आढळणारे प्रथिन. त्याच्या तपासणीत शून्य आणि १+ म्हणजे नकारार्थी, ३+ म्हणजे होकारार्थी, आणि २+ म्हणजे नक्की सांगता येत नाही, म्हणून त्याच तुकड्यावर फिश नावाची जनुकांची तपासणी करावी लागते. माझी गाठ २.४ सेंटिमीटरची होती. एवढ्या गाठीत हर-टू होकारार्थी निघाले तर पुष्कळदा आधी केमो व त्यासोबत हर-टूवरचे औषध देतात आणि शस्त्रक्रिया मागाहून करतात. म्हणजे गुरुवारी दाखल व्हायचे की नाही, याचे उत्तर त्या एका ओळीत होते.

फिशसाठी ब्लॉक लागतो. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो आणायला गेले तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी, "ताई, ब्लॉक बाहेर देत नाही, स्लाइड घेऊन जा," असे सांगून दोन काचा हातात ठेवल्या. त्या रंगवलेल्या काचा फिशच्या कामाच्या नाहीत, हे भाचीकडून कळायला दुसरा दिवस उजाडला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. ती नेली तर मूळ पावती हवी होती. पावती नेली तर, सही करणाऱ्या मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या, असे उत्तर मिळाले. सोमवारी मॅडम होत्या, पण रजिस्टर ज्यांच्याकडे असते ते नव्हते. या सगळ्या फेऱ्यांत कोणी उर्मटपणे बोलले नाही, आणि त्याचाच मला अधिक त्रास झाला, कारण भांडायलाही समोर कोणी नव्हते. रात्री कुशीवर वळताना गाठ हाताला लागे आणि आज ती कालच्यापेक्षा मोठी झाली आहे असे वाटत राही. भाचीने दहा वेळा सांगितले की दोन-तीन आठवड्यांनी फारसे बिघडत नाही, घाईत चुकीच्या क्रमाने झालेल्या उपचाराने बिघडू शकते. तिचे खरे होते, पण झोप येत नव्हती.

शेवटी दहाव्या दिवशी मी लेखी अर्ज केला. बायोप्सीचा क्रमांक, तारीख, ब्लॉक कशासाठी हवा आणि तपासणीनंतर परत करण्याची हमी, एवढेच त्यात लिहिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच मागितली. पोहोचेचा शिक्का मारावा लागल्यावर चोवीस तासांत ब्लॉक मिळाला. हा अर्ज पहिल्याच दिवशी करा, तोंडी विचारत बसू नका. वैद्यकीय कागदपत्रे मागणीनंतर ७२ तासांत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत म्हटले आहे. ते ब्लॉकसाठी नव्हे, कागदपत्रांसाठी आहे, तरी मी अर्जात त्याचा उल्लेख करून सगळे अहवालही मागून घेतले.

अकरा दिवस ज्याच्यासाठी घालवले ती वस्तू काडेपेटीहून लहान होती. प्लॅस्टिकच्या फिकट गुलाबी चौकटीवर पांढरे मेण, त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखे तीन करडे धागे आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. ते धागे माझ्या शरीरातले होते. एप्रिलचे दिवस होते, म्हणून डबीत घालून मी ती पर्समध्येच ठेवली. उन्हात तापलेल्या गाडीत ब्लॉक ठेवू नये, मेण मऊ पडते.

महालक्ष्मी एक्सप्रेसने दादरला उतरून परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. गर्दी होती, दिवस मोडला, पण ब्लॉक जमा झाला आणि फिशचा अहवाल नकारार्थी आला. काखेत गाठी दिसत नव्हत्या, संप्रेरकांची तपासणी होकारार्थी होती. त्यामुळे आधी शस्त्रक्रिया, हे ठरले.

उरला प्रश्न किती काढायचे याचा. तिथल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितले की अमेरिकेतील आणि मिलानमधील चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि स्तन वाचवलेल्या व पूर्ण काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात त्यांत फरक आढळला नाही. मात्र गाठच काढली तर नंतरचा शेक, म्हणजे किरणोपचार, टाळता येत नाही: अमेरिकेतील चाचणीत केवळ गाठ काढलेल्यांपैकी शंभरातील सुमारे ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग परतला, शेक घेतलेल्यांत सुमारे १४ जणींच्या. गाठ अनेक ठिकाणी असेल किंवा शेक देता येण्यासारखा नसेल, तर पूर्ण काढणेच योग्य ठरते. माझे तसे नव्हते. मी गाठच काढायची ठरवली. नणंदेला हे आकडे मी स्वतः समजावले आणि ती पुढे पंधराही दिवस शेकाला माझ्याबरोबर आली.

एक सांगायचे राहिले. संमतिपत्रावर कोणती शस्त्रक्रिया लिहिली आहे ते सही करण्याआधी वाचा, आणि काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ न आल्यास, म्हणजे कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्यास, पुन्हा काढावे लागेल का, हे त्याच वेळी विचारा. माझ्या कडा स्वच्छ आल्या. तो अहवाल हातात पडला तेव्हा मी सर्वांत आधी नव्या ब्लॉकचा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि खाली तारीख घातली.