घंटेचे दहा टोल

२०२० सालच्या नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी गोव्यात पेडण्यातल्या आमच्या घरी मी इतर सगळी कामे बाजूला ठेवून पडद्यासमोर बसलो होतो. अमेरिकेत तेव्हा रविवारची, २२ नोव्हेंबरची रात्र होती. बरोबर तीस वर्षांपूर्वी, १९९० मध्ये, याच तारखेला हार्टफर्ड शहरातल्या ‘सर्व्हायव्हर सिरीज’ या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या कार्यक्रमात अंडरटेकर नावाचा पैलवान पहिल्यांदा आखाड्यात उतरला होता, आणि आता त्याच नावाच्या कार्यक्रमात त्याचा निरोप होता. ऑरलँडोच्या त्या सभागृहात करोनामुळे एकही प्रेक्षक नव्हता. चहूबाजूंनी उभारलेल्या पडद्यांवर घरोघरी बसलेल्या माणसांचे चेहरे तेवढे दिसत होते.

‘ती खोटी कुस्ती तू अजून पाहतोस?’ हा प्रश्न मला शाळेपासून विचारला जातो. निकाल आधी ठरलेला असतो हे खरेच आहे. पण ज्या गावात रात्रभर देवळासमोर दशावतार पाहिला जातो, तिथे हा आक्षेप मला कधीच पटला नाही. राक्षस पहाटे मरणार हे कालो, म्हणजे दशावताराचा खेळ, पाहायला आलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते, आणि तरीही तो मरेपर्यंत कोणी घरी जात नाही.

माझे मामा एका दशावतारी मंडळीत वर्षानुवर्षे राक्षसाची भूमिका करीत. नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली, तेव्हा दुपारी ते आम्हा मुलांबरोबर बसून कुस्ती पाहत. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेतून आणलेली पैलवानांची पत्ती आम्ही उंची, वजन, छाती यांच्या आकड्यांवर खेळत असू, आणि अंडरटेकरचे पान हाती आले की डाव जिंकल्यासारखेच वाटे. मामांना त्या आकड्यांत रस नव्हता. त्यांची नजर असे ती त्याच्या येण्यावर. दिवे मालवत, घंटेचा एक टोल पडे, आणि काळा लांब कोट, काळी हॅट घातलेला तो सहा फूट दहा इंचांचा माणूस इतक्या संथपणे चालत येई की आखाड्याशी पोहोचायला त्याला काही मिनिटे लागत. पायऱ्यांवर थांबून त्याने दोन्ही हात हळूहळू वर उचलले की दिवे उजळत. मामा म्हणत, ‘बघ, ह्याला प्रवेश घेता येतो. घाई करत नाही.’ त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत मोठी स्तुती होती.

निकाल ठरलेला असला तरी शरीर ठरवून दुखत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये सेंट लुईस येथे प्रवेशाच्या वेळी उडवलेल्या आगीच्या लोटाने त्याच्या कोटाने पेट घेतला. छाती आणि मान भाजलेली असताना, अंगावर पाणी ओतून घेत, तो ती लढत खेळला. १९९८ मध्ये पिट्सबर्गला मिक फोली या पैलवानाला त्याने सोळा फुटी पिंजऱ्यावरून खाली फेकले, त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते; पण त्या रात्री स्वतः अंडरटेकरच्या पायाचे हाड मोडलेले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते.

खरे तर त्याचा निरोप त्याआधी एकदा होऊन गेला होता. एप्रिल २०१७ मध्ये ऑरलँडोलाच रोमन रेन्सकडून हरल्यावर त्याने हातमोजे, कोट आणि हॅट आखाड्याच्या मधोमध घडी घालून ठेवल्यासारखे ठेवले आणि तो निघून गेला. मी तेव्हा रडलो होतो. पुढच्याच वर्षी तो परतला, याचा पुष्कळांना राग आला. जून २०१९ मध्ये जेद्दाह येथे गोल्डबर्गबरोबरची त्याची लढत तर मला आजही पाहवत नाही. डोक्याला मार लागलेल्या गोल्डबर्गने त्याला उचलले आणि तो जवळजवळ मानेवरच पडला.

मला मात्र राग आला नाही, कारण मामांचेही असेच झाले होते. गुडघा साथ देईना. एके काळी बाकड्यावर पाय रोवून ते युद्धाला आव्हान देत. पुढे ते त्याच बाकड्यावर बसून देऊ लागले. एका वैशाखात ‘आता पुरे’ म्हणून त्यांनी मुकुट पेटाऱ्यात ठेवला आणि कार्तिकात पुन्हा काढला. घरच्यांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘रंग लावला की गुडघा दुखत नाही, मी काय करू?’ मार्क कॅलवे हे अंडरटेकरचे खरे नाव. टेक्सासच्या त्या माणसानेही तो रंग सहजी उतरवला नव्हता. आखाड्याबाहेरही लोकांसमोर तो वर्षानुवर्षे अंडरटेकर म्हणूनच वावरला. अशा माणसाने एकाच फटक्यात थांबावे ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. २०१७ चा निरोप देखणा होता, पण त्याला स्वतःला तो पटलेला नव्हता. २०२० चा त्याने स्वतः कबूल केलेला होता.

त्या सकाळी प्रथम त्याचे जुने सोबती एकेक करून आखाड्यात आले आणि गेले. मग घंटा झाली, आणि तो त्याच संथ चालीने आला. अंडरटेकरला आता चिरविश्रांती देण्याची वेळ आली आहे, असे तो थोडक्यात म्हणाला. त्यानंतर घंटेचे दहा टोल पडले. समोर पॉल बेअररची प्रकाशाने साकारलेली आकृती उभी राहिली. बेअरर हा त्याचा व्यवस्थापक; अस्थिकलश हाती धरून तो वर्षानुवर्षे अंडरटेकरबरोबर चालला होता आणि २०१३ मध्ये वारला होता. अंडरटेकर त्या आकृतीसमोर एका गुडघ्यावर टेकला.

मामा शेजारी बसले होते. त्या वर्षीचे कालेही करोनामुळे अडले होते. तो उठताना ते त्याच्या गुडघ्याकडेच पाहत होते, आणि तो उभा राहिला तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.