हुर्राकला दहापैकी किती?

मार्च उजाडला की आमच्या कपाटातून एक दोनशेपानी वही बाहेर येते. लेकीची चौथीतली गणिताची वही. पुढच्या बाजूने तिचे भागाकार, मागच्या बाजूने माझी हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची गोव्यातली उन्हाळी दारू, आणि ग्लासागणिक मी तिला दिलेले गुण. बायको तिला प्रगतिपुस्तक म्हणते. कोणाचं, ते सांगत नाही.

मी मूळचा मिरजेचा. नोकरीने फोंड्याला आणून टाकलं. पहिल्या उन्हाळ्यात ग्लास नाकाशी नेला आणि गळून पडलेल्या बोंडांचा असा काही भपकारा आला, की तसाच खाली ठेवला. ऑफिसातला सत्तरी तालुक्यातला मित्र हसला. ‘वास कित्याक घेता? आदीं पी.’ प्यायलो. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

आमच्या देशावर ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की जहाल, डोक्यात जाणारी. इथे उलटं. काजूच्या बोंडांचा रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर पहिल्यांदा उतरवला की जी निघते ती हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांची. पुन्हा उतरवली की फेणी, बेचाळीसच्या आसपास. म्हणजे पहिल्या धारेचीच गरीब. बोंडं झाडावरून तोडायची नसतात, आपसूक पडलेलीच वेचायची. मित्राच्या आजोळी ती दगडात कोरलेल्या कुंडात, म्हणजे कोळंबीत, पायांनी तुडवत (ही कोळंबी कालवणात घालायची नव्हे). आता तिथेही यंत्र आलंय.

तर गुणांचं. ग्लासात हुर्राक, बर्फ, वरून लिमका, लिंबाची फोड, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि मीठ. एवढाच मामला, पण चुका करायला भरपूर जागा. सगळ्यात जास्त गुण मी मिरचीला ठेवलेत. ती देठासकट हवी आणि एकाच बाजूने चिरलेली. तुकडे केले की बिया वर तरंगतात, आणि दुसऱ्या घोटाला त्यातली एक घशात जाऊन बसते. मीठ सगळ्यात शेवटी. चिमूट पडली की ग्लास फसफसून काठापर्यंत येतो, मिरची बुडते, पुन्हा वर येते, आणि मग खालून बुडबुड्यांची एक बारीक दोरी सुटते. ती बघत बसण्याचा अर्धा गुण मी मलाच देतो.

मागच्या एप्रिलमध्ये पणजीतल्या एका नव्या रेस्टॉरंटात गेलो. हुर्राक लोणच्याच्या बरणीत आली. काठाला तिखटमीठ, आत कोकमाचं सरबत, तुळशीची डहाळी, शिवाय काहीतरी जाळून केलेला धूर. वेटरने त्यात काय काय आहे ते मिनिटभर सांगितलं, त्यात काजूचं नाव शेवटी आलं. चव वाईट नव्हती. पण मला ती आंब्याच्या रसात केळं घालण्यासारखी वाटली. वर बिल असं, की तेवढ्यात गावाकडे अख्खी बाटली आली असती. चार दिले. बरणीचा एक कापला, तीन राहिले.

त्याच आठवड्यात फोंड्यापलीकडच्या एका तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानात गेलो. तीन बाकं, एक कॅलेंडर, काउंटरवर पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेली हुर्राक. मालकाने न विचारता अर्धी लिमका ओतली, उरलेली बाटली माझ्यापुढे ठेवली. ‘तुमकां जाय तितली घालात, पात्रांव.’ पात्रांव म्हणजे धनी. एवढा अधिकार मला घरातही कोणी देत नाही. नऊ दिले. एक राखून ठेवला, कारण चखण्याचे चणे मऊ पडले होते.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो. तोच मालक, तेच बाक, मिरचीसुद्धा तशीच चिरलेली. आणि हुर्राक पार वेगळी. जरा करपट, घशाला लागणारी. विचारलं, तर म्हणाला भट्टी दुसरी, मधे ढगाळ होतं, बोंडांत पाणी फार. सहा. आता त्या तावेर्नाचे गुण किती धरायचे? साडेसात? सरासरी काढली, तर ती त्या दुकानात कोणीच कधी न प्यायलेल्या हुर्राकची. वहीत मग जागेच्या नावापुढे तारीख लिहायला लागलो, पुढे भट्टीचं गावही. मित्र म्हणतो, आता एवढं लिहितोस तर पितोस कधी?

फेणीचं बरं असतं. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती नटूनथटून बाटलीत बसते, वर्षानुवर्षं टिकते. हुर्राक हंगामाची. एकदा मी मिरजेला भावासाठी नेण्याचा बेत केला होता. इथलं मद्य हद्दीपार न्यायचं तर परवाना लागतो, त्यात घरी नेऊन आईला तो वास कसा समजावायचा, म्हणून राहिलं. भाऊच मे महिन्यात आला, दोन ग्लास प्यायला, म्हणाला, ‘लिमका चांगली आहे.’ त्याच्या नावाचं पान मी फाडलं.

यंदा ऑफिसच्या कामांत मेचे शेवटचे पंधरा दिवस गेले. जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी छत्री घेऊन त्याच तावेर्नात गेलो. पन्हळीचं पाणी दारात पडत होतं. मालकाने काउंटर पुसता पुसता मान हलवली.

‘हुर्राक ना, पात्रांव. फेणी आसा.’

लिमका, मिरची, मीठ, सगळं तसंच घालून फेणी घेतली. शेवटच्या कदंबा बसने घरी आलो, वही काढली. तारीख लिहिली, तावेर्नाचं नाव लिहिलं. गुणांच्या रकान्यात लेकीच्या बाई हजेरीत मांडतात तसं लिहिलं: गैरहजर.