लेक सेंट क्लेअरवर मस्कीच्या मागे : ट्रोलिंगसाठी रीळ कोणतं घ्यावं

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरांतून निघालं की पाऊण तासाच्या आत लेक सेंट क्लेअर येतं. ह्युरॉन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधलं हे तळं पसरलंय साधारण 430 चौरस मैल, पण सरासरी खोली जेमतेम 11 फूट. मोठ्या जहाजांसाठी मधून 27 फुटांचा मार्ग खोदलाय, तोच काय तो खोल. 1988 मध्ये उत्तर अमेरिकेत झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले ते इथेच. त्यांनी पाणी गाळून नितळ केलं, ऊन तळापर्यंत पोचायला लागलं आणि पाणवनस्पती माजल्या. त्यांच्या आडोशाने दबा धरणाऱ्या मस्की या मोठ्या शिकारी माशाला ते मानवलं. 2006 च्या वसंतात विषाणूच्या साथीत इथले पुष्कळ मस्की मेले, तरी मस्कीसाठी आजही लोक लांबलांबून या तळ्यावर येतात.

ऑक्टोबरमध्ये आमच्या मंडळातले एक काका, माझा मावसभाऊ आणि मी हॅरिसन टाउनशिपमधल्या हार्ली एन्साइन रॅम्पवरून बोट पाण्यात सोडली. बोट काकांची. मावसभाऊ पहिल्यांदाच येत होता आणि त्याला रॉडवर दोरा गुंडाळणारं स्वतःचं रीळ घ्यायचं होतं. त्यामुळे दिवसभर रिळांचीच चर्चा झाली. काकांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वयाची रिळं आहेत. सगळी एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात चालताना बघायला मिळाली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ट्रोलिंग म्हणजे बोट एका वेगाने चालवत मागे आमिषं ओढत न्यायची. सेंट क्लेअरवर हा वेग ताशी 4 ते 5 मैल ठेवतात, म्हणजे वॉलाय मासे पकडणाऱ्यांपेक्षा बराच जास्त. आमिषं आठ-दहा इंची, लाकडी किंवा प्लॅस्टिकची, आणि दोरा फार लांब सोडायचाच नाही. होमर लब्लँक या इथल्या जुन्या गाइडने इंजिनाच्या फेसाळ पाण्यातच, बोटीच्या अगदी मागे आमिष ओढायची पद्धत लोकप्रिय केली. आजही एक-दोन रॉड तसे लावतात. बाकीचे 30 ते 60 फुटांवर. मिशिगनमध्ये माणशी तीन रॉड चालतात. आम्ही तिघांत मिळून सहाच लावले होते. वळण घेताना दोरे एकमेकांत अडकू नयेत म्हणून नवख्यांनी एवढ्यावरच थांबावं.

आता रिळाचं. या कामाला फिरता बेल (दोरा गुंडाळणारी तारेची कमान) असलेलं स्पिनिंग रीळ चालत नाही. लागतं ते आडव्या स्पूलचं (दोऱ्याच्या चकरीचं), लेव्हलवाइंडचं (दोरा स्पूलवर सारखा पसरवणारं) आणि लाइन काउंटर (किती फूट दोरा सुटला ते दाखवणारा आकडा) असलेलं रीळ. काउंटर ही चैन नाही. सकाळी अकराच्या सुमाराला उजवीकडच्या रॉडचा, दोरा सुटला की वाजणारा क्लिकर किंचाळला आणि रॉड मुळापासून वाकला. मावसभाऊ रॉडकडे झेपावला, तर काका मागून ओरडले, "अरे, आधी आकडा बघ, आकडा!" आकडा होता 38. मासा बोटीत आला, मोजला, सोडला, आणि काकांनी पहिलं काम काय केलं असेल तर डावीकडचा तशाच आमिषाचा रॉड 38 वर आणून ठेवला. तासाभरात त्याच पट्ट्यात त्याही रॉडला मासा लागला. 12-14 फूट पाण्यात आमिष आठ फुटांवर चालतंय की तळाची वनस्पती खरवडतंय हे दहा फूट दोऱ्याने ठरतं. आकडा नसेल तर मिळालेलं यश पुन्हा मिळवता येत नाही.

पण काउंटर दोरा मोजत नाही, तो स्पूलचे फेरे मोजतो. स्पूल काठोकाठ भरलंय असं धरून तो फेऱ्यांचे फूट करतो. दोरा कमी भरलेला असला तर प्रत्येक फेऱ्याला कमी दोरा बाहेर पडतो. भरलेल्या स्पूलचा व्यास एक पंचमांशाने कमी असेल तर काउंटर 100 दाखवतो तेव्हा पाण्यात जेमतेम 80 फूट असतात. म्हणून दुकानात उभं राहून "सगळ्यात चांगलं एक रीळ कोणतं?" हा प्रश्नच विचारू नका. परवडतील अशी एकाच मॉडेलची दोन किंवा तीन रिळं घ्या, सगळ्यांत एकच दोरा एकाच पातळीपर्यंत भरा, आणि घरामागच्या रस्त्यावर 100 फूट मोजून प्रत्येकाचा आकडा ताडून बघा. फरक निघाला तर पट्टीवर लिहून रिळाला चिकटवा. तीनशे डॉलरचं एक आणि कुठलीतरी दोन यापेक्षा शंभर-सव्वाशेची सारखी तीन रिळं मस्कीसाठी कितीतरी जास्त उपयोगी पडतात. माझं हे मत ठाम आहे.

त्या किमतीत आज मी ज्यांच्याकडे बघेन ती म्हणजे दायवाचं ॲक्युडेप्थ प्लस 47 या आकारात आणि ओकुमाचं कन्व्हेक्टर 30 या आकारात. थोडे जास्त पैसे असतील तर ओकुमाचं कोल्ड वॉटर किंवा दायवाचं सीलाइन. शिमानोचं टेकोटा उत्तम आहे, काकांकडे एक आहे आणि त्याचा ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरा ठरावीक ताणाने सोडणारा ब्रेक) लोण्यासारखा सुटतो; पण नवीन माणसाने त्यावरच सगळं बजेट घालू नये. जुन्या बाजारात टेकोटा किंवा सीलाइन चांगल्या स्थितीत मिळालं तर मात्र सोडू नका. दोघांचे सुटे भाग मिळतात आणि उघडून साफ करणं घरी जमतं.

आकाराची गल्लत फार होते. दुकानात लाइन काउंटर म्हणून पुढे ठेवलेली बरीच रिळं वॉलायसाठी असतात, 17 किंवा 20 आकाराची. त्यांचा ड्रॅग कमी पडतो आणि मूठ बोटाएवढी असते. उलट मिशिगन सरोवरावर सॅमनसाठी तांब्याची तार सोडणारे लोक प्रचंड स्पूल वापरतात, त्याचीही इथे गरज नाही. मस्की शेकडो यार्ड दोरा ओढत नाही. तो डोकं झटकतो, लोळतो, बोटीजवळ येऊन एकदम मुसंडी मारतो.

म्हणूनच ड्रॅग. बेअरिंग किती आहेत हे खोक्यावर ठळक छापतात, त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. ड्रॅगच्या चकत्या कशाच्या आहेत हे विचारा. कार्बनच्या असतील तर उत्तम. साध्या फेल्टच्या चकत्या दाबून ठेवल्या की चिकटतात, मग पहिल्या झटक्याला अडकतात आणि नंतर एकदम सुटतात. आमच्या बोटीवर दुपारी नेमकं हेच झालं. काकांना कुणीतरी दिलेल्या एका स्वस्त रिळाचा ड्रॅग पहिल्या क्षणी हललाच नाही, ताठ दोऱ्याने गळ तोंडातून उपटला गेला आणि मासा गेला. गळाला ताण बसतो तेव्हा बोटही ताशी साडेचार मैलांनी पुढे जात असते, हे लक्षात घ्या. ब्रेडेड (विणलेला) दोरा ताणून लांबतच नाही, त्यामुळे सगळा धक्का ड्रॅगने झेलायचा असतो. बऱ्याच मॉडेलना कार्बनच्या चकत्या वेगळ्या विकत मिळतात. दहा-वीस डॉलरमध्ये जुनं रीळ सुधारतं.

ड्रॅग किती आवळायचा? आमिष ओढताना दोरा सरकू नये, पण मासा लागला की सुटावा, इतकाच. दोऱ्याला हातातला वजनकाटा लावून बघा, आठ-दहा पौंडांच्या आसपास सुरुवात करा. आणि तो सकाळी आवळा, संध्याकाळी पूर्ण सैल करा.

दोरा 80 पौंडी ब्रेडेड. थेट स्पूलवर गुंडाळला तर तो सगळाच्या सगळा गरगर घसरतो, म्हणून खाली थोडा नायलॉनचा दोरा भरा. पुढे 100 पौंडांच्या वरचा फ्लोरोकार्बन लीडर (आमिषाआधीचा जाड दोऱ्याचा तुकडा) किंवा तार हवीच, दात वस्तऱ्यासारखे आहेत. गिअरचं प्रमाण 4 ते 5 ला 1 असलं तर जड आमिष ओढून घेताना मनगट दुखत नाही. डावखुऱ्यांसाठी डाव्या मुठीची आवृत्ती सगळ्या मॉडेलमध्ये मिळत नाही, आधी विचारा.

रिळाइतकाच पैसा रॉड होल्डर आणि जाळ्यावर ठेवा. मासा पाण्यातच जाळ्यात ठेवून लांब चिमट्याने गळ काढायचा, न निघाला तर कटरने गळच कापायचा. कटर नसेल तर निघूच नका. उन्हाळ्यात पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की मस्कीला सोडूनही तो जगेलच असं नाही, तेव्हा त्याच्यामागे जाऊ नये. ऑक्टोबर ते नोव्हेंबर मासा जोमात असतो, पण उथळ तळं असल्यामुळे वारा फिरला की लाटा झटकन उठतात. अंदाज 15 नॉटच्या वर असेल तर रॅम्पवरूनच परत फिरा.

मिशिगनचा परवाना 1 एप्रिलपासून पुढच्या 31 मार्चपर्यंत चालतो, 17 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. तळ्याचा मोठा भाग कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या हद्दीत आहे. जीपीएसवर सीमारेषा चालू ठेवा. पलीकडे गळ टाकायचा तर तिथला परवाना आणि तिथले रॉडचे नियम वेगळे पाळावे लागतात.

घरी आल्यावर रिळं कारच्या डिकीत सोडू नका. काउंटरच्या काचेआड वाफ धरली की आकडे दिसेनासे होतात. कपड्याने पुसून, ड्रॅग सैल करून, मूठ वर ठेवून रात्रभर उघड्यावर वाळवा, आणि लेव्हलवाइंडच्या स्क्रूवरचे गवताचे तंतू जुन्या टूथब्रशने काढून तेलाचा एक थेंब द्या.