चाळीस हर्ट्झचा खड्डा

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की साधारण 41 हर्ट्झचा स्वर निघतो. माझ्या खोलीत रेकॉर्डिंग लावली की तो ऐकूच यायचा नाही. शेजारच्या तारेचा 55 हर्ट्झचा स्वर छातीत घुमायचा, पण वादक त्या जाड तारेवर उतरला की पाया गायब आणि वरचा नुसता खरखराट शिल्लक. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, बारा इंची, बंद पेटीचा. कागदावर 30 हर्ट्झपर्यंतचा दावा. खोट पेटीतच असणार असं धरून मी मोजायला घेतलं.

पहिली संध्याकाळ फोनवरच्या ॲपमध्ये वाया गेली. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो, खालचे स्वर त्यात बरेचदा मुद्दामच गाळलेले असतात. त्यामुळे आलेख उतरत गेला तरी उतार सबवूफरचा की फोनचा, हे कळायला मार्गच नाही. शेवटी यूएसबीचा मोजमापाचा माइक घेतला. त्याच्यासोबत त्याच माइकची दुरुस्तीची फाइल मिळते. ती रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरली, पंखा बंद केला, सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण (ठरावीक हर्ट्झच्या वरचे स्वर गाळणारं) शेवटपर्यंत वर नेलं (आधी ते 80 वर विसरलो होतो, ती मोजणी फुकट गेली) आणि बसायच्या जागी कानाच्या उंचीवर माइक ठेवून 10 ते 200 हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा एकच स्वर, सोडला.

40 हर्ट्झला जवळजवळ 15 डेसिबलचा खड्डा. स्मूदिंग, म्हणजे आलेखातले चढउतार सरासरीने गुळगुळीत करणं, चालू होतं तेव्हा तो नुसती उथळ घळ दिसत होता. बंद केल्यावर खरी खोली कळली. खालच्या पट्ट्यात स्मूदिंग लावूच नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

पण खड्डा कोणाचा, पेटीचा की खोलीचा? इथे कामाला आली ती ध्वनी अभियंता डी. बी. कील यांनी 1974 मध्ये मांडलेली जवळून मोजायची पद्धत. माइक सबवूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या अगदी लगत नेला की थेट आवाज इतका मोठा असतो की भिंतींवरून परतणारा आवाज त्यापुढे नगण्य ठरतो. चूक 1 डेसिबलच्या आत हवी असेल तर अंतर पडद्याच्या त्रिज्येच्या 0.11 पटीपेक्षा कमी लागतं. माझ्या पडद्याची त्रिज्या सुमारे 13 सेंटीमीटर, म्हणजे दीड सेंटीमीटरही नाही! आवाज बराच खाली आणून, पडदा माइकला लागणार नाही ना हे डोळ्यांनी पाहत स्वीप घेतला. पेटीला पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं भोक, असता तर तोही वेगळा मोजून, आकाराच्या प्रमाणात मिळवावा लागला असता. बंद पेटीत ती कटकट नाही.

आलेख गुळगुळीत आला. 32 हर्ट्झला 3 डेसिबल खाली, त्याच्या निम्म्यावर, 16 ला, साधारण 12. बंद पेटीने असंच उतरायचं असतं. ज्या पेटीवर मी इतके दिवस संशय घेतला, ती निर्दोष होती.

मग टेप घेऊन खोली मोजली. लांबी 4.3 मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की 40 हर्ट्झ. या स्वरावर आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये ये-जा करत घुमतो, त्याला अनुनाद म्हणतात; त्यात आवाजाचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. माझा सोफा त्या मध्यावर होता.

इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, 40 हर्ट्झला 10 डेसिबल वाढवून पाहिलं. त्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लागते, पडदा जिवावर उदार होऊन हलतो, आणि खड्डा फारसा भरत नाही. सोफा 70 सेंटीमीटर मागे सरकवला तेव्हा मात्र 15 चे 6 झाले.

नव्या जागेच्या आलेखात आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसली. खोलीची रुंदी 3.1 मीटर, तिचा अनुनाद 55 हर्ट्झचा, आणि सोफा बाजूच्या भिंतीला चिकटून. मला आवडणारा तो छातीतला स्वर 7 डेसिबलने सुजलेला होता. उंचवटा कापायला इक्वलायझर चालतो, म्हणून तिथे 6 डेसिबल कमी केले. तीच रेकॉर्डिंग पुन्हा लावली. पहिल्यांदाच दोन्ही तारा एकाच वाद्याच्या वाटल्या.