झबलं वर कर आणि पोट बघ

आमच्याकडे पावसाळ्यात सर्दी घराघरांत फिरतच असते. थोरल्या पुतणीने ती शाळेतून आणली आणि माझ्या सात महिन्यांच्या लेकाला दिली. आधी नुसतं नाक वाहत होतं, अंग किंचित गरम. मग खोकला आला, आणि तो दूध पिताना अडखळायला लागला. दोन घोट घ्यायचा, तोंड काढायचा, धापा टाकायचा, परत दोन घोट.

घरात सगळे खोकल्याबद्दलच बोलत होते. कुणी म्हणालं ओव्याची धुरी द्या, कुणी म्हणालं नाकात तेल सोडा. सासूबाई मात्र निवृत्त अंगणवाडी सेविका. त्यांनी दोन्ही उडवून लावलं. "अगं, खोकला राहू दे. झबलं वर कर आणि पोट बघ."

तो झोपेत शांत असताना त्यांनी घड्याळ समोर ठेवलं आणि पूर्ण मिनिटभर त्याचा श्वास मोजला. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं त्यांना चालत नाही, कारण लहान बाळाचा श्वास कधी भरभर, कधी सावकाश चालतो. रडताना किंवा पिताना मोजलेलंही चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त आणि वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास झाले, तर दवाखाना गाठायचा, हे त्यांना प्रशिक्षणापासून तोंडपाठ. आमचं बाळ ५८ वर होतं. शिवाय श्वास आत घेताना बरगड्यांखालची जागा फुगण्याऐवजी खळगा पडल्यासारखी आत ओढली जात होती. ते एकदा नीट पाहिलं की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. "आता सकाळची वाट बघायची नाही," असं म्हणून त्यांनीच रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी त्याच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के, म्हणजे कमीच. छातीत शिट्टीसारखा आवाज होता. निदान झालं ब्राँकिओलायटिसचं. हा दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा आजार, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होणारा. फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिका सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. बहुतेक मोठ्यांना त्याच विषाणूची साधी सर्दी होते.

नाकाशी नळी लावून ऑक्सिजन सुरू झाला. आमच्या ह्यांनी विचारलंच, "डॉक्टर, एखादं अँटिबायोटिक?" विषाणूवर ते चालत नाही, आणि या वयात या आजारात सरसकट नेब्युलायझरने औषधाची वाफ देऊनही फारसा फायदा होत नाही, असं त्यांनी समजावलं. मग करायचं काय? नाकात सलाइनचे थेंब टाकून, नाक मोकळं करून, थोडं थोडं पण वारंवार पाजायचं. इतका जीव टांगणीला लागलेला असताना उपचार एवढाच, हे पचायला जड गेलं. पण लहान बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं, त्यामुळे नाक साफ केल्यावर तो खरंच जास्त वेळ प्यायचा. हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोरात असतो, हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मधल्या एका वाईट रात्री आम्ही धीर धरला.

घरी आल्यावरही खोकला रेंगाळला. दोन-तीन आठवडे चालायचाच, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी येणारा प्रत्येक पाहुणा सिरप सुचवायचा. इतक्या लहान मुलाला दुकानातून आणून खोकल्याचं औषध देऊ नये. वर्षाच्या आत मधही नाही, बोटावर चाटवायलासुद्धा नाही. शेजारच्या काकू त्यावर रुसल्या, रुसू देत.

कधी परत यायचं, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. श्वास पुन्हा जलद झाला, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, पिणं नेहमीच्या निम्म्यावर आलं, लघवी बरीच कमी झाली तर लगेच. ओठ निळसर दिसले, मूल उठवूनही नीट जागं होत नसेल किंवा श्वास मध्येच थांबला तर एक क्षणही न दवडता.

त्याच कागदावर शेवटी होतं, घरात धूर नको. सासऱ्यांची बिडी त्यामुळे फाटकाबाहेर गेली. त्यावरून कुरबूर अजून चालू आहे, पण सासूबाईंपुढे त्यांचं काही चालत नाही.