सगळ्यांना येतं गं

दोन महिने झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते एकदाचं.

मी एएनएम आहे, म्हणजे गावातली सरकारी नर्स, गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका सबसेंटरला. शेवटच्या दोन महिन्यांतल्या बायकांचा प्रश्न ठरलेला असतो, दूध येईल ना? रात्री न्हाणीत जाऊन दाबून बघतात, थेंब येत नाही, मग रडतात. माझं उत्तरही ठरलेलं, सगळ्यांना येतं गं. आणि ते बहुतेकींच्या बाबतीत खरंच आहे. चीक, म्हणजे अगदी सुरुवातीचं दाट दूध, पाचव्या महिन्याच्या आसपास आत तयार व्हायला लागतो, तो बाहेर गळतो की नाही यावर पुढचं काही ठरत नाही. खरं दूध भरतं ते वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरलं की, म्हणजे दोन-तीन दिवसांनी. छाती लहान तर दूध कमी असंही नाही, आकार चरबीचा असतो, दूध करतात त्या ग्रंथी. हे सगळं मी झोपेतसुद्धा सांगेन.

ही मुलगी पहिलटकरीण, माहेर बांद्याकडचं, ३६ वा आठवडा. बीपी, हिमोग्लोबिन, ठोके सगळं ठीक. निघताना हळूच म्हणाली, "सिस्टर, माका दूद येतला मां?" मी मान वर न करता माझं वाक्य टाकलं. ती घुटमळली, म्हणाली आईलाही नव्हतं आलं, आम्ही दोघं भावंडं गाईच्याच दुधावर वाढलो. सासू लगेच, "आमी डबो हाडून दवरला." झालं! १९९२ च्या कायद्याने डब्यातल्या दूध-पावडरीच्या जाहिराती बंद केल्या, पण सासवा-शेजारणींची जाहिरात कोण बंद करणार? मी सासूवर तापले आणि तिच्या आईचं राहूनच गेलं.

आता कार्डाबद्दल सांगते, कारण बाहेरच्यांना हे माहीत नसतं. गरोदर बाईच्या तपासणीच्या कार्डावर हार्ट, लंग्ज, ब्रेस्ट असे तपासणीचे रकाने असतात. तिन्हीत एनएडी लिहायचं, म्हणजे काही दोष आढळला नाही. हार्टला निदान डॉक्टर स्टेथो तरी लावतात, ब्रेस्ट कोणी बघत नाही. पडदा नाही, बाहेर चाळीस बायका, आत रजिस्टर भरायला एक पुरुष बसलेला, कोण ब्लाउज काढायला सांगणार? मीपण नाही.

पुढच्या आठवड्यात ती परत आली, एकटीच. पाऊस धो धो, सेंटर रिकामं, तोच प्रश्न. त्या दिवशी दार लावून घेतलं आणि बघितलं. दोन्ही स्तनांच्या मध्ये माझी तीन बोटं आरामात बसली, डावा उजव्यापेक्षा बराच लहान आणि निमुळता, नळीसारखा. या दिवसांत ब्लाउज घट्ट झाले का म्हणून विचारलं, तर म्हणाली नाही, लग्नातलेच होतात अजून. माझ्या पोटात गोळा आला. ग्रंथीच कमी असलेल्या बायका असतात, ट्रेनिंगमध्ये एका स्लाइडवर बघितलेलं, चौदा वर्षांत समोर बघायची पहिली वेळ. की आधी आल्या आणि मी बघितलंच नाही?

डॉक्टरांना फोन केला तर म्हणे घाबरवू नका सिस्टर, झाल्यावर बघू. झाल्यावर बघायला तुम्ही कुठे असता हो, घरी जाते मी.

सांगितलं तिला. खात्रीने नाही म्हणता येत, पण कमी येऊ शकतं. बाळ पहिल्या तासात छातीला लावायचंच, दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा पाजायचं आणि ओले लंगोट मोजून लिहायचे. ती रडली नाही. वही आहे घरात, एवढंच म्हणाली.

नॉर्मल झाली, मुलगी, २.८ किलो. चौथ्या दिवशी घरी गेले. छाती भरलेलीच नव्हती. आमचा झोळीचा काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघांचा आणि हॉस्पिटलचा काटा वेगळा, त्यात पोर हातपाय झाडतंय, मग जन्मानंतरची वजनातली घट नऊ टक्के की सहा हे देवालाच माहीत! काटा मागून मागून दमले मी. पण वहीत सगळं होतं, चोवीस तासांत दोनच ओले लंगोट, त्यातल्या एकावर विटकरी डाग, शी अजून काळीच, म्हणजे पोटात दूध पुरेसं जात नव्हतं. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलला पाठवलं, आधी छातीला आणि मग वाटी-चमच्याने वरचं असं सुरू झालं.

सासू वाड्यावर सांगत सुटली, सिस्टर आधीच बोलली आणि तसंच झालं. हिच्या जिभेवर काळा तीळ आहे म्हणे. तिची भाची सध्या आठव्या महिन्यात आहे, ती माझ्याकडे न येता म्हापशाला जाते.

दीड महिन्याच्या लसीला आई-मुलगी आल्या. चार किलोच्या वर वजन, गालाला खळी. निम्मं अंगावरचं, निम्मं वरचं चालू आहे. मी सिरिंज भरत होते तेव्हा ती म्हणाली, "पयल्याच दिसा कित्या सांगूक नाय?"

मी मांडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि ताप आला तर थेंब किती द्यायचे ते सांगत बसले. टेबलावर तिचं कार्ड उघडंच होतं. ब्रेस्टच्या रकान्यात एनएडी, अक्षर माझं.