एका हाताने नागपूर

गेल्या हिवाळ्यात माहेरी नागपूरला जायचे ठरले, पण ऐन वेळी यांना रजा मिळाली नाही आणि वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन विमानाने एकटीने जाण्याची वेळ माझ्यावर आली. तिकिटाप्रमाणे मोठ्या बॅगेला 15 किलो आणि हातातल्या बॅगेला 7 किलोंची मर्यादा असल्यामुळे आदल्या रात्री सासूबाईंनी काटा काढून दोन्ही बॅगा तोलून पाहिल्या, आणि मोठ्या बॅगेच्या मुठीला परकराची जुनी लाल नाडी बांधली. पहाटे साडेतीनला घोडबंदर रोडवरून निघाले. त्या वेळी रस्ता रिकामा असतो, एवढेच त्या वेळेचे सुख.

टर्मिनलपाशी टॅक्सीतून उतरल्यावर लक्षात आले की आम्ही वजन मोजले, हात मोजलेच नाहीत. मूल कडेवर घेतले की एकच हात उरतो, आणि त्या हाताच्या वाट्याला बाबागाडी, दोन बॅगा आणि कागदपत्रांची पर्स आली होती. प्रवेशद्वारावर जवानाला तिकीट व ओळखपत्र दाखवण्यासाठी मला पर्स दातांत धरावी लागली. दोन वर्षांखालील मुलाला वेगळी सीट नसते, ते मांडीवर बसते. मात्र वयाचा पुरावा म्हणून त्याचा जन्मदाखला जवळ लागतो, आणि माझ्याकडचा दाखला अर्थातच मोठ्या बॅगेच्या तळाशी होता. काउंटरसमोर ती उघडली हे एका परीने बरेच झाले, कारण त्याच कप्प्यात पॉवर बँक सापडली, जी चेक-इनच्या सामानात टाकता येत नाही.

खरी कसोटी सुरक्षा तपासणीची. बाबागाडी घडी करून यंत्रातून पाठवावी लागते, म्हणजे ज्या क्षणी दोन्ही हात हवे असतात त्याच क्षणी मूल कडेवर येते. मी एका पायाने गाडीचा खटका दाबत असताना चिरंजीवांनी डावा बूट काढून ट्रेमध्ये टाकला आणि तो ट्रे पुढे निघून गेला. पडद्याआडच्या महिला जवानाने माझी तपासणी करता करता त्याच्याशी गप्पा मारल्या, तेवढ्यात माझा श्वास खाली बसला. बूट पलीकडे कुणा सद्गृहस्थाच्या लॅपटॉपवर विराजमान होता.

बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता आली, तिला तिथे चिठ्ठी लावून घेतली. विमानात लहान मुलासह कुठेही बसता येत नाही. जादा ऑक्सिजन मास्क काही ठरावीक जागांवरच असतो आणि आपत्कालीन दाराची रांग तर अशा प्रवाशांना देतच नाहीत, त्यामुळे जागा आधी विचारून घेतलेली बरी. मांडीवरच्या मुलासाठी वेगळा छोटा पट्टा मिळतो. विमान खाली उतरू लागले की कानावरचा दाब बदलतो; गिळल्याने घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि मुलांची ती नळी अरुंद असते, म्हणून पाण्याची बाटली त्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी मी राखून ठेवली होती.

परतीच्या वेळी हातातली बॅग मी रद्दच केली. पाठीवर एक सॅक, गळ्यात जन्मदाखल्याचे पाकीट आणि मूल पोटाशी बांधलेल्या झोळीत. दोन्ही हात मोकळे. आईने दिलेली संत्री अर्थातच मोठ्या बॅगेत गेली. मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहिले तेव्हा मूल छातीवर गाढ झोपले होते आणि वाकले असते तर उठलेच असते, म्हणून मोकळे हात तसेच ठेवून मी बॅग जाताना नुसती बघत राहिले. तिसऱ्या फेरीला शेजारच्या गृहस्थांनी ती उचलून ट्रॉलीवर ठेवली आणि हळू आवाजात विचारले, “ताई, ही लाल नाडीची तुमचीच ना? दोनदा गेली समोरून.”